जारमधला पहिला तांब्या कोणाचा?

वाचक विचारतात

*ताई, नमस्कार.*

*मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची सून. माहेर वाशीमकडचं, तिथल्या विहिरीचं पाणी गोड. लग्न होऊन इथं आले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चहा ठेवला आणि तो फाटला. मला वाटलं दूधच खराब. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "हे खारपाण आहे बाई, इथं चहाले जारचं पाणी लागते." खारपाण म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेला पट्टा.*

*घरात बोअर आहे. त्याचं पाणी मचूळ, वरण शिजत नाही म्हणून सोडा टाकतो. नळाचं गोडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते हौदात भरून ठेवतो. शिवाय दिवसाआड 20 लिटरचा जार घेतो. जारचं पाणी मामाजी (सासरे), पाहुणे आणि जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगा पितात. बाकीचे बोअरचंच.*

*सासूबाईंना बीपी आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणतात. मागच्या महिन्यात म्हैस घेतली, ती आमचं पाणी तोंडाला लावून सोडून देते आणि दूध कमी झालंय. दीर म्हणतात, ढोरांना आपण मुद्दाम मीठ चारतो, खाऱ्या पाण्यानं काय होणार? मामाजी म्हणतात, "सात पिढ्या ह्याच पाण्यावर जगल्या, आमाले काय झालं?"*

*मी हट्टानं पाणी तपासून घेतलं. कागदावर लिहिलंय: टीडीएस 2,680, क्लोराईड 940, फ्लोराईड 0.8, नायट्रेट 62. सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. मला त्यातलं फारसं कळत नाही. खारं पाणी माणसाला आणि जनावराला खरंच अपायकारक असतं का? सासूबाईंचं आणि म्हशीचं काय करू?*

*ता. क. मला सातवा महिना चालू आहे. पायावर थोडी सूज येते, पण ती सगळ्यांनाच येते म्हणतात.*

*— एक वाचक, जि. अमरावती*

---

पत्रात मला ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंचं लिहिलंस, म्हशीचं लिहिलंस, दिराचं आणि मामाजींचं म्हणणंही लिहिलंस. आणि स्वतःचा सातवा महिना ताजा कलममध्ये टाकलास! मी उत्तर तिथूनच सुरू करणार आहे.

बोअरच्या पाण्याचा आधी हिशोब मांडू. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं मिळून वजन. त्यात खायचं मीठ असतं, तसेच कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेटही असतात. तुझ्या कागदावर सोडियम वेगळं मोजलेलं नाही, पण क्लोराईड 940 आहे. त्यातलं बहुतेक मिठाच्या रूपात आहे असं धरलं, तर लिटरमागे सोडियम साधारण 600 मिलिग्रॅम निघतं. वैशाखात दर्यापूरकडं बाईमाणूस सहज चार लिटर पाणी पितं. म्हणजे नुसत्या पिण्याच्या पाण्यातून 2,400 मिलिग्रॅम सोडियम. मिठात सांगायचं तर सहा ग्रॅम, पोह्याचा एक सपाट चमचाभर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. तुझा कोटा जेवायला बसायच्या आधीच संपलेला असतो. भाजीतलं मीठ, लोणचं, पापड, ठेचा हे सगळं त्याच्या वर.

आणि तो वरणातला सोडा! वरण शिजत नाही ते पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं, आणि त्यावर उपाय म्हणून आपण आणखी सोडियम ओततो. खाण्याच्या सोड्याच्या एका चमच्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. डाळ गोड्या पाण्यात भिजव, गोड्याच पाण्यात शिजव, सोड्याची गरजच पडणार नाही.

आता हे मीठ शरीरात जाऊन करतं काय? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. मीठ जिकडं जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. रक्तात मीठ वाढलं की पेशींतलं पाणी तसंच बाहेर ओढलं जातं. मेंदूला ते आधी कळतं आणि तो तहान लावतो. तू पाणी पितेस, किडनी जादा मीठ लघवीवाटे टाकून देते, हिशोब जुळतो. पण किडनी लघवी किती घट्ट करू शकते याला मर्यादा आहे. माणसाची लघवी फार तर दोन टक्क्यांच्या आसपास खारट होऊ शकते. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के खारट, लिटरला 35 ग्रॅम. म्हणून समुद्रात अडकलेल्या माणसानं ते एक लिटर प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला लघवी एक लिटरहून बरीच जास्त करावी लागते. वरचं पाणी अंगातून जातं. पिऊन पिऊन माणूस सुकतो, मग भ्रम होतो, झटके येतात.

तुझ्या बोअरचं पाणी समुद्राच्या तेराव्या हिश्श्याइतकं खारट आहे. रक्तापेक्षाही पुष्कळ कमी, कारण रक्ताचा खारेपणा लिटरला नऊ ग्रॅम मिठाइतका धरतात. सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं ते त्यामुळंच. तेव्हा हे पाणी प्यायल्यानं धडधाकट माणूस संध्याकाळी आडवा पडणार नाही. तुझ्या मामाजींचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. पण ज्याची किडनी थकलेली, ज्याचा बीपी चढलेला, जी दोन जिवांची, जे बाळ अजून जन्मायचंय, त्यांच्या शरीरात जादा मिठाला सामावून घ्यायची जागा कमी असते. नुकसान तिथं होतं, आणि ते आवाज न करता होतं.

तुमच्यासारखंच पाणी पिणाऱ्या बायकांवर बांगलादेशात काम झालंय. खुलना जिल्ह्यातलं दाकोप, समुद्राकाठचा भाग, पाण्यात खार शिरलेला. तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात त्यांच्या पोटात पाण्यातून दिवसाला जेमतेम एक ग्रॅम सोडियम जायचं आणि उन्हाळ्यात ते 5 ते 16 ग्रॅमपर्यंत चढायचं. गरोदरपणात बीपी वाढण्याचं प्रमाणही त्याच कोरड्या दिवसांत जास्त आढळलं. तुझा आकडा त्यांच्या उन्हाळ्यातल्या आकड्यापेक्षा कमी आहे हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन ग्रॅम सोडियमची आहे आणि तू ती नुसत्या पाण्यातूनच ओलांडते आहेस.

म्हणून पायाच्या सुजेकडं मी "सगळ्यांनाच येते" म्हणून बघणार नाही. सातव्या महिन्यात संध्याकाळी घोट्याशी सूज येते, रात्री पाय वर करून झोपलं की उतरते, ती बहुधा साधी असते. पण सकाळी उठल्यावर चेहरा फुगलेला दिसला, बांगड्या घट्ट झाल्या, डोकं गच्च दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं किंवा अंधुक दिसलं, बरगडीखाली पोटात दुखलं, लघवी कमी झाली, यातलं एकही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तर 108. हे काहीच नसलं तरी या आठवड्यात आशाताईंना सांगून बीपी मोजून घे आणि लघवीत प्रथिनं जातात का ते तपासून घे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती एकही चुकवू नकोस. डॉक्टरांना "मी बोअरचं पाणी पिते" हे आपणहून सांग, कारण ते कोणी विचारत नाही.

दोन चुका मात्र करू नकोस. खारं आहे म्हणून पाणी पिणंच कमी करायचं, ही पहिली. खारपाणातल्या बायका हे नकळत करतात. चव नको वाटते, तहान भागत नाही, शेतात आडोसा नसतो, मग दोन तांब्यांवर दिवस काढतात. माझ्या मते या पाण्याचा सगळ्यात मोठा अपाय हाच, कारण किडनीला खाऱ्या पाण्याहून पाण्याची टंचाई जास्त बाधते. दुसरी चूक, घाबरून मीठ एकदम बंद करणं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अळणी खाऊ नकोस. लोणचं-पापड आवर, सोडा बंद कर आणि पाणी बदल.

आता तुझ्या कागदाची शेवटची ओळ. तू खाराचं विचारलंस, आणि माझी नजर नायट्रेटवर अडकली. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा 500 आहे, दुसरं पाणीच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्या म्हणतात. क्लोराईडला 250 आणि नाइलाजानं 1,000. म्हणजे तुमचं पाणी क्लोराईडमध्ये कसंबसं काठावर पास आणि टीडीएसमध्ये नापास. फ्लोराईडची मर्यादा 1.0, तुमचं 0.8, तिकडं काळजी नाही. पण नायट्रेटला 45 च्या पुढं सूटच दिलेली नाही, पर्यायी पाणी असो वा नसो. तुमचं 62.

नायट्रेट जमिनीतल्या जुन्या खाराबरोबर आपोआप येतं असं नाही. ते बहुधा उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, गोठ्यातून आणि युरियातून झिरपतं. बोअरपासून ही ठिकाणं किती लांब आहेत ते एकदा पाहून घे. मोठ्या माणसाला 62 लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाचं तसं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटू शकते आणि बाळ निळसर पडतं. उकळून घेऊ म्हणशील तर उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. खाराचंही तसंच. तुरटी, फडकं, माठ, कॅन्डलचा फिल्टर यांनी गढूळपणा जाईल, खार जाणार नाही. तो जातो आरओनं.

तेव्हा बाळ झालं की पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाण्याचा चमचासुद्धा नाही, विदर्भाच्या मे महिन्यातही नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची तहान दुधातच भागते. घुटी उगाळायला, मध चाटवायला म्हणून कोणी बोअरचं पाणी घेऊन येईल. त्यांना सांग, डॉक्टरनं लेखी मनाई केलीय. हवं तर हे पान दाखव.

जारचं पाणी, म्हणजे या सगळ्याचं मूळ. दिवसाआड 20 लिटर, म्हणजे दिवसाला 10. ते कोण पितं? मामाजी, पाहुणे आणि छोटा पुतण्या. पुतण्याचं बरोबर आहे. पाहुण्यांना गोडं पाणी देणं ही आपली रीत, तीही मला कळते. पण एक वेळचा पाहुणा तांब्याभर मचूळ पाणी प्यायला तर त्याला काहीही होत नाही. रोज चार लिटर पिणाऱ्या गरोदर सुनेला होऊ शकतं. तुमच्या घरात गोडं पाणी मानाप्रमाणं वाटलं जातंय, ते गरजेप्रमाणं वाटायला हवं. पहिला हक्क तुझा, दुसरा पुतण्याचा, तिसरा सासूबाईंचा, आणि मग डाळ शिजवायला. तुला चार लिटर, सासूबाईंना अडीच, पोराला एक-दीड, उरलेलं वरणाला. दहा लिटर इथंच संपतात. मामाजी, दीर, जाऊबाई आणि तुझे यजमान यांच्यासाठी हौदातलं नळाचं पाणी पिण्यापुरतं वेगळ्या झाकणाच्या टाकीत काढून ठेवा. आत्ता ते धुण्याभांड्यालाही जात असणार. धुणंभांडी बोअरवर करा. तरीही कमी पडलं तर रोज एक जार घ्या. घरात जो माणूस पैशाचा हिशोब ठेवतो त्याला सांग, बाळंतपणातल्या गुंतागुंतीच्या एका दिवसाचा खर्च जारच्या वर्षभराच्या खर्चाशेजारी मांडून बघ म्हणावं.

हे तुझ्या तोंडून निघणार नाही, मला माहीत आहे. "मला द्या" म्हणणं सुनेला जड जातं. मग सासूबाईंपासून सुरू कर. "डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हाला बीपीसाठी जारचंच पाणी" हे तू म्हण. त्या लगेच म्हणतील, "मग पोटुशीले का नाही?" सासवा इतक्या वाईट नसतात. तुझ्या तर चहा फाटल्यावर हसल्या होत्या.

सासूबाईंसाठी पाण्याच्या जोडीनं दोन गोष्टी. गुडघ्याच्या गोळ्या कोणत्या आहेत त्याचं पाकीट डॉक्टरांना दाखव. मेडिकलवरून मिळणाऱ्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढवतात आणि किडनी बिघडवतात. त्यात खारं पाणी आणि उन्हाळा मिळाला की तिघं मिळून काम करतात. खारपाणपट्ट्यात किडनीचा रुग्ण दिसला की सगळे पाण्याकडं बोट दाखवतात. पाण्याचा वाटा नसेल असं मी म्हणत नाही, पण त्या घरात या गोळ्यांचं पाकीट, न मोजलेला बीपी आणि न मोजलेली साखर बहुतेक वेळा सापडते. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि लघवी तपासून घ्या. दुसरं, टीव्हीवर 'कमी सोडियमचं मीठ' दिसतं, ते आपल्या मनानं आणू नकोस. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते हृदयावर बेतू शकतं.

म्हशीकडं येते. दिरांचं अर्धं बरोबर आहे. गुरांना आपल्यापेक्षा जास्त खार सोसतो आणि आपण त्यांना मीठ देतोच. पण दिलेलं मीठ जनावर बेतानं चाटतं, वर भरपूर गोडं पाणी पितं. पाणीच खारं असलं तर त्याला निवड उरत नाही. पशुवैद्यकात जे आकडे वापरतात ते ढोबळमानानं असे: टीडीएस हजारच्या आत असेल तर उत्तम. तीन हजारांपर्यंत मोठ्या जनावराला चालतं, सुरुवातीला शेण पातळ होतं. तीन ते पाच हजारांत जनावर पाणी नाकारतं, हळूहळू सवय होते. पाच ते सात हजार गाभण आणि दुभत्या जनावराला देऊ नये. सात हजारांच्या पुढं धोका, दहा हजारांनंतर ते पाणी गुरांचं नव्हेच. मेंढ्या याहून थोडं जास्त सोसतात, कोंबड्यांना बरंच कमी सोसतं.

तुमचं 2,680 म्हणजे म्हशीला चालण्याजोगं. ती आजारी नाही, तिला चव नवीन आहे. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला 60-80 लिटर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. ती अर्धंच प्यायली तर दूध आटणारच, त्यात नवल काय? पहिले दोन दिवस निम्मं गोडं, निम्मं बोअरचं, मग आठ-दहा दिवसांत बोअरचं वाढवत न्या. गोडं पाणी कमी असेल तर नुसत्या कडब्या-कुटाराऐवजी ओला चारा वाढवा, त्यातून तिला पाणी मिळतं. ढेपेवर मूठभर मीठ टाकायची सवय असेल तर थांबवा. आणि टाकं रोज उपसा. उन्हात पाणी उडून जातं, खार तिथंच राहतो, वरून तुम्ही बोअर सोडता. चार दिवसांत टाक्यातलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. टाक्याच्या काठाला पांढरा थर दिसतो ना, तो त्याचाच. वगारीला मात्र मोठं होईपर्यंत गोडं पाणी.

जनावराच्या बाबतीत खरा घातकी प्रसंग वेगळा असतो. वीज गेली, दिवसभर पाणी मिळालं नाही, अंगात मीठ साठलं, आणि संध्याकाळी तहानलेल्या जनावरापुढं एकदम टाकं भरलं. गटागटा प्यायल्यावर पाणी मेंदूत शिरून मेंदू सुजतो, जनावर भिंतीला डोकं लावतं, गोल फिरतं, पडतं. डुकरांमध्ये हे जास्त दिसतं, गुरांतही होतं. उपाशी तहानलेल्या जनावराला अर्ध्या-अर्ध्या तासानं थोडं थोडं पाणी द्यावं.

"मग उंट कसे जगतात?" असं दीर विचारतील, कारण अशा दिरांना मी ओळखते. कच्छमध्ये खराई जातीचा उंट आहे, खाडीत पोहून जातो, तिवराचा खारा पाला खातो. त्याची किडनी आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट लघवी करते. तरीही मालधारी, म्हणजे तो राखणारे लोक, त्याला काही दिवसांनी गोडं पाणी पाजायला किनाऱ्यावर परत आणतात. देवमासा तर आयुष्य समुद्रात काढतो, पण त्याची तहान मुख्यतः माशांच्या अंगातल्या पाण्यावर भागते, समुद्र पिऊन नव्हे. तुमच्याच शेजारच्या जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे, खारही आणि सोड्यासारखं अल्कलीही. त्याच्या काठानं चरणारी जनावरं पाणी प्यायला जातात ती वरच्या गोड्या झऱ्यावर.

मामाजींच्या सात पिढ्यांबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नकोस, एक प्रश्न विचार: तुमच्या लहानपणी पिण्याचं पाणी कुठून यायचं? बहुतेक जण सांगतात नदीतल्या झिऱ्याचं, गावतळ्याचं, एखाद्या ठरलेल्या गोड्या विहिरीचं. बोअरचं पाणी रोज पिणारी पिढी अलीकडची आहे. तुमच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला गाळ खोल आणि चिकट, पाण्याचा निचरा मंद, वर कोरडी हवा. त्यामुळं खार गाळातच साठून राहिलाय आणि बोअर जिथं पोचते तिथं तो भेटतो. "इथं आधी समुद्र होता" असं गावात सांगतात, पण अरबी समुद्र तुमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. आणि मागच्या पिढ्यांत कोणाचा बीपी मोजला होता? वाढलेला बीपी दुखत नाही, म्हणून "आमाले काय झालं" याचं उत्तर कोणाकडंच नाही.

घरात आरओ बसवणार असाल तर थोडं थांबून विचार करा. घरगुती मशीन साधारण 2,000 टीडीएसपर्यंतच्या पाण्यासाठी केलेलं असतं, तुमच्या पाण्यावर त्याची जाळी लवकर चोंदेल. शिवाय जितकं गोडं पाणी मिळतं त्याहून जास्त टाकाऊ निघतं, बोअरपेक्षाही खारट. ते म्हशीला नाही, वांग्याच्या आळ्यालाही नाही; काळी जमीन अशा पाण्यानं दगडासारखी होते. संडासात ओता.

त्यापेक्षा माझं मत पावसाच्या पाण्याला. तुमच्या घराचा टिनाचा किंवा स्लॅबचा भाग 30 चौरस मीटर धरू. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 16,000 लिटरहून जास्त पाणी उतरतं. पिण्या-शिजवण्याला दिवसाला 30 लिटर धरले तर आठ महिन्यांना 7,200 लागतात. दहा हजार लिटरची झाकणबंद टाकी पुरते. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुवायला सोडून द्यायचे, नळीच्या तोंडाशी जाळी आणि रेती-कोळशाचं गाळणं, आणि आत ठरावीक मात्रेत क्लोरीन. तुझं बाळ वरचं अन्न खायला लागेल तेव्हा खिमट शिजवायला हेच पाणी.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण कापसावर फवारण्या सुरू झाल्या की मला दरवर्षी आठवते. कोणाच्या पोटात औषध गेलं की गावात पहिली धावपळ होते ती मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. ते करू नका, कुणालाच करू देऊ नका. मोठा चमचाभर मीठ म्हणजे 15-18 ग्रॅम. लहान मुलाच्या अंगात तेवढंच गेलं तर त्यानंच जीव जाऊ शकतो, आणि उलटीतून विष फुप्फुसात उतरतं ते वेगळंच. कपडे काढा, अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

याच्याच जवळचं दुसरं: हगवण लागली की जीवनजल, म्हणजे ओआरएसची पुडी. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे कितीतरी रुग्ण वाचवले, ते याच जातीचं पाणी. पण आजच्या पुडीतलं मीठ मोजून घातलेलं असतं, लिटरला 2.6 ग्रॅम. तुमच्या बोअरच्या लिटरभर पाण्यात पुडी फोडली तर त्यात आधीच जवळजवळ तेवढाच खार असतो. पुतण्याला कधी द्यायची वेळ आली तर पुडी जारच्याच पाण्यात.

बोअरचं पाणी मे महिन्यात पुन्हा तपास, उन्हाळ्यात आकडा चढलेला असण्याची शक्यता आहे. नळाचं आणि जारचंही एकेकदा तपासून घे. जार भरणारा तो आतून कधी धुतो, हेही विचार. नऊ तारखेला तपासणीला गेलीस की बीपी किती आलं ते मला कळव. म्हशीचंही कळव, पण आधी तुझं.